कुडनकुलम: ‘परकीय हात’ नावाची फाईल

फेब्रुवारी २०१२मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांची मुलाखत छापून आली. विषय विज्ञानधोरणाचा. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगून टाकले, की देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम अडचणीत आला आहे तो काही स्वयंसेवी संस्थांमुळे. त्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत आणि भारताला विजेची किती गरज आहे याची त्यांना कदर नाही. सिंग हे एकेक शब्द तोलून बोलणारे गृहस्थ, त्यामुळे हे विधान जास्तच गाजले. रोख होता तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर. आंदोलनाचे नेते एस. पी. उदयकुमार यांनी पंतप्रधानांना कायदेशीर नोटीस धाडली.

आंदोलनांमागे परदेशी पैसा असल्याचा आरोप आपल्याकडे जुना आहे. इंदिरा गांधींच्या काळात तो इतका स्वस्त झाला होता, की स्वतंत्र पक्षाचे पिलू मोदी एकदा ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत येऊन बसले. तरी अभ्यासाला कुडनकुलमच घ्यावेसे वाटते, कारण इथे संशयाला थोडाफार आधार होता. सगळेच कुभांड असते तर दोन ओळींत निकाल लागला असता. शिवाय हा संशय एका पक्षाचा नव्हता. काँग्रेसने फाईल उघडली आणि भाजपच्या काळात ती जाड झाली.

आधी प्रकल्प

राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी २० नोव्हेंबर १९८८ रोजी करार केला: प्रत्येकी १००० मेगावॅटच्या दोन सोव्हिएत अणुभट्ट्या. पुढे सोव्हिएत संघच उरला नाही. १९९८मध्ये रशियाशी पुरवणी करार झाला आणि मार्च २००२मध्ये काँक्रीट पडायला सुरुवात झाली. मूळ करारात वापरलेले इंधन सोव्हिएत संघाने परत न्यायचे होते. नव्या व्यवस्थेत ते भारतातच राहणार असे ठरले. हा बदल कागदावर एका कलमाचा, पण प्रकल्पाशेजारी राहणाऱ्याच्या दृष्टीने सगळे चित्रच पालटणारा होता. पहिल्या दोन अणुभट्ट्यांना पर्यावरण मंजुरी १९८९मध्ये मिळाली होती, म्हणजे जनसुनावणी सक्तीची होण्याच्या आधी. त्यामुळे या दोन अणुभट्ट्यांसाठी गावांना समोर बसवून कोणी काही विचारले नाही.

त्या किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी येऊन गेलेली. मार्च २०११मध्ये फुकुशिमा घडले आणि टीव्हीवर सगळ्यांनी ते पाहिले. त्याच उन्हाळ्यात कुडनकुलममध्ये खऱ्या इंधनाऐवजी चाचणीपुरते नकली इंधन भरून पहिल्या अणुभट्टीची चाचणी सुरू झाली. वाफ सोडतानाचा प्रचंड आवाज आसपासच्या गावांत ऐकू जाई. त्यातच अपघात झाल्यास काय करायचे याच्या तालमीच्या सूचना आल्या: घराबाहेर पडू नका, दारे-खिडक्या बंद ठेवा, नाका-तोंडावर कापड धरा. ज्यांना इतकी वर्षे ‘काही होणारच नाही’ असे सांगितले गेले होते, त्यांना हे सांगायला परदेशातून कोणी यावे लागले नाही.

११ सप्टेंबर २०११ रोजी इडिंतकराई या मच्छीमार गावात लूर्द मातेच्या चर्चसमोर मांडव पडला आणि १२७ जण बेमुदत उपोषणाला बसले. पुढे त्या मांडवात साखळी उपोषण महिनोन् महिने चालू राहिले. तिथल्या बायकांचे दृश्य अनेक वार्ताहरांनी टिपले आहे: उपोषणाला बसलेल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचे. दिवसाची मजुरी बुडवून आंदोलन करणे परवडणारे नव्हते, म्हणून मजुरी मांडवातच आणली होती. सोलापूरच्या विडी कामगार वस्तीत ज्याने पाय ठेवला आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. खर्चाबद्दल विचारले की आंदोलक सांगत, मच्छीमार आपल्या कमाईतला ठरलेला हिस्सा लढ्याला देतात. मांडव, सतरंज्या, ध्वनिक्षेपक आणि जेवण एवढ्याच जमाखर्चाचे ते आंदोलन होते. त्याला डॉलर लागतातच असे नाही. अर्थात लागत नाहीत म्हणजे आलेच नाहीत, असेही म्हणता येत नाही.

सरकारच्या हातात काय होते

इथे घाई करून चालणार नाही, कारण दोन्ही बाजूंचे लोक नेमके इथेच सुतावरून स्वर्ग गाठतात.

पहिली गोष्ट चर्चची. किनाऱ्यावरचे मच्छीमार बहुसंख्य कॅथलिक. गावाचे चर्च हेच गावाचे सभागृह, तंटे मिटवण्याची जागा आणि वादळात आसरा घेण्याचे ठिकाण. धर्मप्रांताच्या सामाजिक कामाला परदेशातून देणग्या येत होत्या आणि त्या कायदेशीर नोंदणीवर येत होत्या. लपवाछपवी नव्हती, गृहखात्याकडे वार्षिक विवरणे जात होती. केंद्राचे म्हणणे असे की अपंगांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी किंवा अशाच कामासाठी आलेला पैसा आंदोलनाकडे वळवला गेला. पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री व्ही. नारायणसामी यांनी संस्थांचे परवाने रद्द केल्याचे जाहीर केले. खाती गोठली, तपास सुरू झाले, गुन्हे नोंदले गेले.

दुसरी गोष्ट एका जर्मन नागरिकाची. फेब्रुवारी २०१२च्या शेवटी त्याला नागरकोइलच्या एका लॉजमधून उचलून चेन्नईमार्गे देशाबाहेर पाठवण्यात आले. आंदोलनाला मदत करत होता, असा ठपका. हा माणूस जर खरोखर परदेशी पैशाचा दुवा होता, तर त्याला कोठडीत ठेवून चौकशी करणे, कागद न्यायालयात मांडणे ही सरकारला सुवर्णसंधी होती. सरकारने त्याला विमानात बसवले. परत पाठवायला पुरावा लागत नाही, व्हिसाच्या अटी पुरतात. त्याच्याविरुद्ध काय होते हे मग ना आंदोलकांना तपासता आले, ना वाचकांना.

तिसरी गोष्ट खुद्द उदयकुमार यांची. ते हवाई विद्यापीठातून राज्यशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतलेले. २०१४मध्ये फुटलेल्या गुप्तचर विभागाच्या अहवालात त्यांच्यावर ठेवलेला मुख्य ठपका असा, की ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यास संस्थेकडून त्यांना सल्लागार म्हणून डॉलरमध्ये मानधन मिळत होते. हे अभ्यासाच्या कामाचे पैसे आहेत, आंदोलनाशी त्याचा संबंध नाही, असे त्यांचे उत्तर. पुण्या-मुंबईतल्या निम्म्या प्राध्यापकांना असे मानधन कधी ना कधी मिळालेले असते, हे खरे. पण तीव्र आंदोलनाच्या नेत्याने हा तपशील स्वतःहून आधीच गावासमोर आणि पत्रकारांसमोर ठेवला असता तर अहवालातल्या त्या परिच्छेदातली हवाच गेली असती, असे माझे मत आहे. ज्याच्याकडे हजारो लोक डोळे लावून बसतात त्याने हिशेब मागण्याआधीच दाखवावा.

आता हे तिन्ही धागे ओढून पाहू. परदेशातून पैसा जिल्ह्यात आला होता का? होय. तो आंदोलनावर खर्च झाला का? तसा आरोप झाला. आंदोलन त्या पैशामुळे उभे राहिले का? हा सगळ्यात वजनदार दावा, पंतप्रधानांच्या विधानाचा खरा अर्थ हाच, आणि नेमका याला कुठेच आधार दिला गेला नाही. मे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुडनकुलमवर सविस्तर निकाल दिला. तो सरकारच्या बाजूने होता, प्रकल्प चालू करायला मुभा देणारा होता. पण त्याचा पाया सुरक्षितता, नियामक मंडळाचे अहवाल आणि विजेची गरज हा होता. परकीय हाताच्या टेकूची न्यायालयाला गरज भासली नाही. उलट, शांतता परत यावी म्हणून आंदोलकांवरचे फौजदारी खटले मागे घेण्याचा प्रयत्न करावा, असा निर्देश त्याच निकालात आहे. हे खटले थोडेथोडके नव्हते. राजद्रोह आणि सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे अशी कलमे हजारो लोकांवर लागली होती, त्यांतले बहुतेक ‘अनोळखी’ म्हणून नोंदलेले. म्हणजे गावातल्या कोणालाही कधीही उचलता येईल अशी सोय.

या गदारोळात बाजूला काय पडले

संशयाचा खरा परिणाम इथे दिसतो. सगळ्यांचे लक्ष ‘पैसा कुणाचा’ याकडे लागले आणि ‘प्रश्न काय आहेत’ हे मागे राहिले.

उदयकुमार यांनी माहिती अधिकारात दोन कागद मागितले होते: प्रकल्पाच्या जागेचा मूल्यमापन अहवाल आणि सुरक्षा विश्लेषण अहवाल. प्रकल्प चालवणारे अणुऊर्जा महामंडळ, म्हणजे एनपीसीआयएल, मुंबईच्या अणुशक्तीनगरात बसते. त्याने नकार दिला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेले. तिथे माहिती आयुक्त होते मुंबईचेच शैलेश गांधी. ३० एप्रिल २०१२ रोजी त्यांनी हे अहवाल खुले करा, असा आदेश दिला. महामंडळ त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आंदोलकांच्या वह्या तपासा म्हणणाऱ्या व्यवस्थेला स्वतःचे कागद दाखवायचे नव्हते. हा विरोधाभास तेव्हा फार थोड्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर घेतला. पहिल्या पानावर जर्मन पाहुणा होता.

दिरंगाईचे खापर आंदोलनावर फोडले गेले, त्याचाही हिशेब करून पाहावा. पहिली अणुभट्टी डिसेंबर २००७मध्ये सुरू व्हायची होती. उपोषणाचा मांडव पडला सप्टेंबर २०११मध्ये, म्हणजे तोवर प्रकल्प जवळपास चार वर्षे रखडलेलाच होता. जयललितांच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०११मध्ये काम थांबवण्याचा ठराव केला आणि १९ मार्च २०१२ला, शंकरनकोविल पोटनिवडणुकीचे मतदान उरकताच दुसऱ्या दिवशी, पुन्हा हिरवा कंदील दाखवला. सोबत ५०० कोटींचे पॅकेज आणि गावांभोवती पोलिसांचा वेढा. दरम्यान तमिळनाडूत भारनियमनाने लोक हैराण झाले होते. आंदोलनाची सहानुभूती ओसरली त्याला बऱ्याच अंशी हे भारनियमन कारण होते. मार्च २०१२नंतर काम अडवायला कोणी आत जाऊ शकत नव्हते. तरी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू व्हायला ३१ डिसेंबर २०१४ उजाडले.

मधल्या काळात काय चालले होते? रशियात झिओ-पोडोल्स्क या कारखान्याच्या खरेदी संचालकाला अटक झाली होती. अणुप्रकल्पांच्या यंत्रसामग्रीसाठी हलक्या प्रतीचे पोलाद वापरल्याचा आरोप होता. या कारखान्याचा माल कुडनकुलमलाही आलेला. एप्रिल २०१३मध्ये आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केले, की चाचण्यांत चार व्हॉल्व्ह सदोष आढळले आणि ते बदलायला सांगितले आहे. परकीय हातच शोधायचा तर तो इथेही होता, बिलासह आलेला. आणखी एक उदाहरण २०१९चे. प्रकल्पाच्या संगणकांत घुसखोरी झाल्याच्या बातम्या ऑक्टोबरअखेर बाहेर आल्या. पहिल्या दिवशी प्रकल्पाने साफ इन्कार केला, दुसऱ्या दिवशी महामंडळाने कबूल केले की प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात घातक प्रणाली सापडली होती आणि सप्टेंबरपासूनच ती माहीत होती. सायबर तज्ज्ञांनी बोट दाखवले ते उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या टोळीकडे. विडी वळणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा इथे जरा उशिराच जागी झाली, इतकेच म्हणतो.

अहवाल, आणि सोयीचा कायदा

जून २०१४चा गुप्तचर अहवाल कुडनकुलमपुरता नव्हता. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाच्या सकल उत्पन्नवाढीवर दरवर्षी दोन ते तीन टक्क्यांचा फटका बसतो, असा त्यात दावा होता. तो आकडा कसा काढला, हे अहवालात कळत नाही. कुडनकुलमची वीज आली असती तर किती, खाणी चालल्या असत्या तर किती, असा वजाबाकीचा तक्ता कोणी मांडला असता तर वाद घालायला तरी काही मिळाले असते. ‘इंडियन एक्सप्रेस’ने त्यातला एक उतारा नरेंद्र मोदींच्या २००६मधल्या भाषणाशी जवळजवळ शब्दशः जुळत असल्याचे दाखवून दिले. गुप्तचरांनी टिपण लिहायचे की भाषणे उतरवून घ्यायची, असा प्रश्न त्यावर पडलाच.

कायद्याच्या अंगाने दोन घडामोडी या प्रकरणाला चिकटून आहेत. कुडनकुलम आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या ‘इन्साफ’ या दिल्लीच्या संस्थेची परदेशी निधीची नोंदणी ३० एप्रिल २०१३ रोजी निलंबित झाली. उच्च न्यायालयाने ते निलंबन त्याच वर्षी रद्द ठरवले. पण मूळ नियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या नियमात बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द जसेच्या तसे आहेत. असे काही नेहमी करणारी संघटना ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवून तिचा परदेशी निधी रोखता येत असे. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संघटना लोकांच्या प्रश्नावर अशी आंदोलने करत असेल, तर तेवढ्यावरून तिचा निधी बंद करता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने कायदा आणखी आवळला: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के, आणि सगळा परदेशी पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेतून.

दुसरी घडामोड राजकीय पक्षांची, आणि तिच्यात कोकण-गोवा दोन्ही येतात. स्टरलाइटचा तांबे प्रकल्प मुळात रत्नागिरीत व्हायचा होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार उठले, १९९३मध्ये राज्य सरकारला काम थांबवावे लागले आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला, कुडनकुलमच्याच किनाऱ्यावर. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की स्टरलाइट आणि सेसा गोवा यांची मालकी परदेशी असल्याने त्यांच्याकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही परदेशी निधीचा कायदा मोडला आहे. इथे तर न्यायालयाने निष्कर्ष काढला होता. मग कारवाई? २०१६च्या वित्त विधेयकात ‘परदेशी स्रोत’ याची व्याख्याच मागील तारखेपासून बदलली गेली आणि २०१८मध्ये ती सवलत थेट १९७६पर्यंत मागे नेली. लोकसभेत त्यावर म्हणावी अशी चर्चा झाली नाही. खाती गोठवणाऱ्यांनी स्वतःचे खाते असे धुऊन घेतले.

आपल्याकडे जैतापूरचा वाद याच काळातला, फ्रेंच अणुभट्ट्यांचा. तिथे परकीय हातापेक्षा ‘बाहेरचे लोक’ हा शब्दप्रयोग जास्त चालला. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना जिल्हाबंदीच्या नोटिसा निघाल्या, त्यात निवृत्त न्यायमूर्तीही होते. १८ एप्रिल २०११ला पोलीस गोळीबारात साखरी नाट्याचा एक मच्छीमार गेला. तो काही बाहेरचा नव्हता. कुडनकुलमच्या आंदोलनातही सप्टेंबर २०१२मध्ये समुद्रकिनाऱ्यावर लाठीमार आणि अश्रुधुराचा दिवस आला, त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यात एक मच्छीमार गोळीने मेला, आणि तोही त्याच किनाऱ्यावरचा.

प्रश्न जिथल्या तिथे

वापरलेल्या इंधनाचे काय करणार, हा इडिंतकराईच्या मांडवातला सुरुवातीपासूनचा प्रश्न. तो अडाणी भीतीतून आला आहे, कोणीतरी शिकवून पाठवला आहे, असे तेव्हा म्हटले गेले. २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अणुभट्टीपासून दूर स्वतंत्र साठवणीची सोय पाच वर्षांत उभारायला सांगितले, म्हणजे प्रश्न खरा होता. पाच वर्षांत ती झाली नाही. महामंडळाने मुदतवाढ मागितली आणि २०१८मध्ये ती २०२२पर्यंत मिळाली. ही साठवण प्रकल्पाच्या आवारातच बांधायची ठरल्यावर जुलै २०१९मध्ये जनसुनावणी बोलावली गेली. या वेळी विरोधात तमिळनाडूतले अनेक राजकीय पक्षही उतरले आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. हे आक्षेप घ्यायला पैसे कुठून आले, असे त्या वेळी कोणत्याही मंत्र्याने विचारले नाही.